दोघींनी उचलायच्या बाई

तिला घरात सगळे मधली म्हणत. तिघी बहिणींतली मधली, म्हणून मधली. थोरली यथावकाश ताई झाली, धाकटीला लाडाची नावं मिळाली, हिला मात्र हेच चिकटलं आणि लग्न झाल्यावरही सुटलं नाही. नवऱ्यानंही तेच उचललं.

नर्स व्हायचं तिनं ठरवलं त्यामागे सेवाबिवा काही नव्हती. तिघी बहिणी एका पलंगावर झोपायच्या आणि हिची जागा ठरलेली, मध्ये. दोन्हीकडून कोपरं. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये प्रत्येकीला वेगळी खाट मिळते असं कुणीतरी सांगितलं, आणि हिनं त्याच संध्याकाळी घरात जाहीर करून टाकलं. ही गोष्ट ती पुढे पेशंटांनाही हसत हसत सांगायची, नावासकट. ऐकणाऱ्यांना गंमत वाटायची, पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

खाटेसाठी गेलेली मुलगी कामाला मात्र चोख निघाली. दोन हॉस्पिटलं करून ती म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात आली आणि तिथेच राहिली. त्याला सगळे नुसतं ‘होम’ म्हणत. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक दारावर एक लाल दिवा. आत कुणी बेल दाबली की तो पेटायचा. इथे आलेली माणसं बरी होऊन घरी जात नसत. ती इथेच राहत, वर्षानुवर्षं, आणि इथूनच जात. काही नर्सेसना ते सोसायचं नाही. मधलीला उलट आवडलं. माणूस ओळखीचा होतो, म्हणायची. कुणाला गोळी दह्यातून लागते, कुणाला आधी भांडायला लागतं आणि मग गोळी लागते, कोण कुशीवर वळवताना ओरडतो आणि कोण ओरडायला पाहिजे असताना ओरडत नाही, हे तिला पाठ होतं. कोपऱ्यातल्या खोलीतले एक आजोबा तिला रोज सकाळी लग्नाची मागणी घालायचे. रक्तदाब बघताना हिचं ठरलेलं उत्तर, “घरी विचारून सांगते.” आजोबा समाधानानं मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पहिल्यापासून सुरू करायचे.

मग माणसं कमी व्हायला लागली. म्हातारी नव्हे, कामाची. एक नर्स बाळंतपणाला गेली ती परतली नाही, एकीला दुसरीकडे बरं मिळालं, एकीचा गुडघा गेला. गेलेल्या माणसाच्या जागी माणूस येत नसे, सूचना येई. तात्पुरतं सांभाळून घ्या. आणि तात्पुरतं एकदा होममध्ये शिरलं की मुक्कामालाच. दिवसपाळीला सबंध कॉरिडॉरला एक मधली आणि एक मावशी उरली. मावशी म्हणजे अंघोळी, चादरी, डायपर, भरवणं हे सगळं बघणारी मदतनीस. ठेंगणी, चपळ, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “सिस्टर, आपण दोघी मेलो ना, तर आपल्याला उचलायलाही आपल्यालाच यावं लागेल.”

सकाळच्या औषधांची ट्रॉली शेवटच्या खोलीपर्यंत पोचायची तेव्हा पहिल्या खोलीची दुपारची वेळ झालेली असायची. एकाला भरवताना दोन दिवे पेटायचे. त्यातल्या एकाकडे जावं तर तिकडे चादर ओली, चादर बदलावी तर मागे भरवलेल्याला ठसका. बसून जेवण म्हणजे काय ते मधली विसरली. उभ्या उभ्या, औषधांच्या कपाटाला टेकून, चार घास. लघवीला जायचं ती पुढे ढकलायची, मग ढकललेलंही विसरायची.

तिच्या आत काहीतरी बंद पडलं ते नेमकं कधी, हे तिला सांगता आलं नसतं. एकाएकी काहीच झालं नाही. वडील गेले तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं, तेही बहिणींमुळे. दोघी बहिणी वडिलांच्या पायाशी बसून रडत होत्या. मधलीनं आत येऊन वडिलांचा जबडा नीट मिटवला, डोक्याखालची उशी सारखी केली आणि चादरीचे कोपरे होममध्ये घालतात तसे घडी घालून गादीखाली खोचले. मग घड्याळ बघितलं. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. “मधले, अगं बाबा आहेत ते,” ती म्हणाली. मधली म्हणाली, “हो ना.”

घरी ती चिडत नसे, रडत नसे, कुणाला उलट बोलत नसे. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. माणूस शांत, घरातलं अर्धं काम विनातक्रार उरकणारा. मुलगी कॉलेजात. एकदा मुलगी धावत आली, तिची बाहेरगावच्या मोठ्या कॉलेजात निवड झाली होती. मधली म्हणाली, “छान, छान. आता थोडं पाणी पिऊया का?” मुलगी थबकली. “आई, मी तुझी पेशंट नाहीये.” मधलीला आपण काय बोललो ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं, हेही कळलं. पण ते नुसतंच कळलं. मुलीला जवळ घेतलं तिनं, पाठीवर हात फिरवला, आणि बोटं सवयीनं मणके चाचपत खाली उतरली.

टेलिफोनबाई म्हणून एक बाई त्या कॉरिडॉरला होत्या. तरुणपणी टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होत्या, कानाला यंत्र लावून माणसं जोडून द्यायच्या, म्हणून हे नाव. अंगानं दांडग्या, आवाज अजून खणखणीत, लग्न केलेलं नाही, जवळचा म्हणावा असा एक भाचा. पायांतली ताकद गेली होती. त्यांच्या दारावर दोन बाहुल्यांचं चित्र लावलेलं होतं. त्याचा अर्थ, या बाईंना दोघींनी मिळून उचलायचं. खरं तर त्यांच्यासाठी उचलायचं यंत्र होतं. पट्ट्यांत बसवून अलगद उठवणारं, त्याला सगळे पाळणा म्हणत. पण पाळण्याची बॅटरी मेली होती आणि नवी “मागवलीय” होती. ती इतके दिवस मागवलेली होती की मावशीनं त्या यंत्रावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली होती.

त्या दुपारी मावशी कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला अडकली होती. टेलिफोनबाईंचा दिवा पेटून बराच वेळ झाला होता. मधली आत गेली.

“बाथरूम,” बाई म्हणाल्या. “आणि आत्ता. मावशी येईपर्यंत थांबा असं म्हणणार असशील तर चादर काढून ठेव.”

मधलीनं दारावरच्या बाहुल्यांकडे बघितलंही नाही. कित्येक दिवस ती त्यांना एकटीच उचलत होती. तिनं गुडघे वाकवले, बाईंना मिठी घातली, एक-दोन-तीन म्हटलं आणि चाकाच्या खुर्चीत घेतलं. बाथरूमपर्यंत सगळं रोजच्यासारखं. खुर्चीतून कमोडवर घेताना बाईंचा एक गुडघा मुडपला. सबंध भार मधलीवर आला. सोडून दिलं असतं तर बाई धाडकन पडल्या असत्या, म्हणून ती सोडेना. भिंतीला पाठ घासत दोघी सावकाश खाली आल्या. मधलीच्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं. बाईंचा हात कठड्यावर आपटला. आणि मग दोघी बाथरूमच्या फरशीवर, मधली खाली अर्धवट आडवी, बाईंचं डोकं तिच्या दंडावर.

“लागलं का?” मधलीनं विचारलं.

“कुठे कुठे ते सांगू?” बाई म्हणाल्या. “तुला?”

“कंबर.”

मोकळ्या हातानं तिनं बाईंचं खुब्याचं हाड तपासलं, पाय सरळ आहेत का ते बघितलं, मनगट दाबून बघितलं. मनगटाला त्या कळवळल्या. खुबा शाबूत होता. उठायला गेली तर कमरेतून अशी कळ आली की परत टेकली.

बाथरूममध्ये बेलची दोरी होती. लाल, खाली गाठ मारलेली. ती गाठ मधलीच्या बोटांना लागत होती.

“ओढते,” ती म्हणाली.

पण ओढली नाही. हात तिथेच राहिला.

बाईंनी ते बघितलं. “ओढून येणार कोण?” त्या म्हणाल्या. “दोरी ओढली की दारावर दिवा लागणार. तो बघून धावत येणारी तू. आणि तू तर इथे पडलीयस.”

मधलीला हसू आलं. पोटातून आलं आणि कमरेत दुखलं.

“आमच्याकडे बोर्ड असायचा,” बाई छताकडे बघत बोलायला लागल्या. “एकेक दिवा म्हणजे एकेक माणूस ताटकळलेला. एकदा कुठेतरी मोठी आग लागली, आणि जो तो आपल्या माणसाला फोन करायला धावला. सगळा बोर्ड पेटला. माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. मी काय केलं माहितीये? कानावरचं काढून ठेवलं आणि संडासात जाऊन कडी लावली. पिशवीत सफरचंद होतं. ते सावकाश खाल्लं.”

“मग?”

“मग परत आले. दिवे तेवढेच होते.”

“कुणी ओरडलं नाही?”

“ओरडलं ना, चांगलं ओरडलं. पण सफरचंद खाऊन झालं होतं.”

फरशी गार होती. नळातून पाणी ठिबकत होतं. दाराबाहेर कुठेतरी बेल वाजत होती, मग दुसरी, आणि पहिल्यांदाच त्या आवाजांचं मधलीला काही देणंघेणं नव्हतं. तिला उठताच येत नव्हतं. उठता येत नाही म्हटल्यावर अंगातलं सगळं सैल पडत गेलं, आधी पोटऱ्या, मग खांदे, मग मान. दोरी ओढायला पाहिजे, हे तिला माहीत होतं. या बाईंच्या मनगटाला बर्फ लावायला पाहिजे, हेही माहीत होतं. बाईंनी आपला चांगला हात तिच्या कपाळावर ठेवला. तो जड, कोरडा, उबदार हात होता. मधलीचा डोळा लागला.

मावशीनं दार ढकललं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं बाई, गेल्या की काय दोघी!”

“श्श,” टेलिफोनबाई म्हणाल्या. “झोपलीय ती.”

एवढ्या वेळात होममध्ये आणखी काही विपरीत घडलं नाही, हे नशीबच. लग्नाळू आजोबा ओल्या चादरीत बसून राहिले, काही जणांची ताटं गार झाली, एका आजींनी बेल दाबून दाबून शेवटी मोठ्यानं शिव्या दिल्या. तेवढ्यावर निभावलं.

मेट्रननं तिला खोलीत बोलावलं. मेट्रन वाईट नव्हती. निवृत्तीला आलेली, पाय सुजलेले, वरच्यांना आणि खालच्यांना उत्तरं देऊन देऊन थकलेली.

“दोरी हाताशी होती?”

“हो.”

“मग ओढली का नाहीस?”

“झोप लागली.”

“पडल्यावर?”

“हो.”

मेट्रननं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “त्यांनी तर मला सांगितलं की दोरी लांब होती, तुझा हातच पोचत नव्हता.”

“पोचत होता,” मधली म्हणाली.

“वर मी काय सांगू?”

“झोप लागली म्हणून सांगा.” तिला कुणाला शूरपणा दाखवायचा नव्हता. दुसरं काही रचायला डोक्यात जागा नव्हती, इतकंच.

नोकरी गेली नाही. तिला काढलं असतं तर कॉरिडॉरला कुणीच उरलं नसतं, हे वरच्यांनाही कळत होतं. समज मिळाली. टेलिफोनबाईंचा भाचा मात्र खवळला, आणि त्याचं चुकलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. आत्याचं मनगट प्लॅस्टरमध्ये, दंड काळानिळा. “माणसं आहेत की सामान?” तो मेट्रनच्या दारात ओरडला. त्यानं दुसरीकडे सोय केली. बाईंना खुर्चीवरून बाहेर नेलं तेव्हा कमरेला पट्टा बांधलेली मधली दारापर्यंत गेली. बाई म्हणाल्या, “मधले, तुझं घोरणं फार वाईट आहे गं.” डोळे भरले होते त्यांचे. मधलीच्या लक्षात आलं की खुर्चीची पाय ठेवायची एक पट्टी निसटलीय. ती कशीबशी वाकली, पट्टी बसवली, बाईंचा पाय तिच्यावर ठेवला. मग गाडी गेली.

डॉक्टरांनी सक्तीची सुट्टी दिली. तेवढ्यापुरती रातपाळीची नर्स दिवसाही थांबायला लागली. मधली झोपली. सकाळी झोपली, जेवून झोपली, पाहुणे बसलेले असताना बसल्या बसल्या झोपली. दोघी बहिणी आल्या. ताईनं डोक्याला तेल चोळलं आणि म्हणाली, “सोड ती नोकरी. जिवापेक्षा जास्त आहे का?”

“सोडून काय करू?”

“काहीही. घरी बस.”

मधलीनं खरोखर विचार करून बघितला. घरी बसलेली आपण कशी दिसू, ते चित्र काही डोळ्यांसमोर येईना. “बघते,” ती म्हणाली.

नवरा भात लावायचा, भाजी करायचा, तिला उठवून बसवायचा. एकदा ताट पुढे ठेवून म्हणाला, “अगं, माझ्याकडे फ्रिज येतात ना, कधीकधी आतला दिवा लागतो, मोटार चालते, आवाज बरोबर येतो. फक्त गारवा नसतो. तसं झालंय तुझं.”

“मग काय करता तुम्ही?”

“आधी बंद करून ठेवतो. तसाच. काही न करता.”

“आणि मग?”

“कधी होतो सुरू. कधी नाही होत,” तो म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

ती कामावर परतली तेव्हा वरच्यांनी एक उपाय केलेला होता. ताण कसा घालवावा हे शिकवायला एक मऊ आवाजाचे गृहस्थ बोलावले होते. दिवे मंद केले, रातपाळीच्या, स्वयंपाकघरातल्या, ऑफिसातल्या सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. मावशीला येता आलं नाही, कारण कॉरिडॉरवर कुणीतरी हवं ना. गृहस्थ म्हणाले, डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा. लाट येतेय, लाट जातेय. तिसऱ्या लाटेला पहिल्या रांगेतून घोरणं ऐकू आलं. मग दुसऱ्या रांगेतून. गृहस्थांनी थोडा वेळ आणखी लाटा आणल्या आणि शेवटी चहा मागवून एकटेच बिस्किट खात बसले. बाहेर पडताना ते मेट्रनला म्हणाले, “प्रतिसाद फार चांगला होता.”

मधलीनं आपल्यापुरतं एक ठरवलं होतं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, तिच्या शरीरानं ठरवलं होतं. पहिल्याच सकाळी एका दांडग्या आजोबांना उठवायचं होतं, दारावर दोन बाहुल्या. मधली दारात उभी राहिली.

“सिस्टर, उठवा ना,” आजोबा म्हणाले.

“दुसरी कुणी आली की उठवते.”

“कधी येणार?”

“माहीत नाही.”

ती उभीच राहिली. मागे दिवे पेटत होते. आजोबा आधी विनवत होते, मग चिडले, मग त्यांची चादर ओली झाली आणि ते रडायला लागले. मधलीनं त्यांचा हात धरला. पण उचललं नाही. हे बघणं फार वाईट होतं, आणि वाईट आहे हे माहीत असूनही ती हलली नाही. शेवटी मेट्रन तरातरा आली. “काय चाललंय?”

“दोघींनी उचलायचे आहेत.”

मेट्रन तिच्याकडे बघत राहिली. रागावणार असं वाटलं. मग तिनं बाह्या वर सारल्या, सुजलेल्या पायांनी पलंगाच्या पलीकडे गेली, आणि म्हणाली, “बोल. एक-दोन-तीन तू म्हण.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मावशीही दुसऱ्या एका खोलीच्या दारात तशीच उभी राहायला लागली. मेट्रनची स्वतःची कंबर धरली तेव्हा कुठे बॅटरी आली आणि दिवसपाळीला एक नवी मुलगी मिळाली. त्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवे पेटतच होते. मधलीला आपण जिंकलो वगैरे वाटलं का? मावशीनं तिला तसं विचारलं. “नाही गं,” ती म्हणाली, “पण कंबर कमी दुखते.”

टेलिफोनबाई गेल्याचं तिला फोनवर कळलं. जुनी ओळखीची नर्स त्या दुसऱ्या ठिकाणी कामाला होती. “तुमच्याकडची ती बाई, गेली हं मागच्या आठवड्यात. शेवटी शेवटी डोक्याचा पत्ता नव्हता, पण गोड. आम्ही खोलीत गेलो की विचारायची, ‘नंबर काय हवाय?’”

“हो का,” मधली म्हणाली. “झोपेत गेल्या?”

“हो, झोपेतच.”

“बरं.” तिनं फोन ठेवला, हातमोजे चढवले आणि पुढच्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळी घरी जाताना ती बुटांच्या दुकानात शिरली. कामाचे बूट तळातून फाटले होते, आणि नवऱ्यानं सकाळी तिसऱ्यांदा आठवण केली होती. बाकावर बसली. दुकानदार म्हातारा होता. तो समोर स्टुलावर बसला, तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, मोजा सारखा केला, नवा बूट चढवला आणि अंगठ्यानं पुढून दाबलं.

“इथे टोचतं का?”

मधली त्याच्या हाताकडे बघत होती. तिचा पाय दुसऱ्या कुणी असा हातात घेतल्याला किती काळ लोटला होता, तिला आठवेना.

“कळलं नाही,” ती म्हणाली. “पुन्हा दाबा बरं.”

त्यानं दाबलं, सावकाश, करंगळीपर्यंत.

“टोचतं,” ती म्हणाली. “थोडंसं.”

“मग एक नंबर मोठा बघू,” म्हणून तो गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि आत गेला. मधली एका पायात बूट, एक पाय मोज्यात, अशी बाकावर बसून राहिली. रस्त्यावरून माणसं जात होती. तिला घाई नव्हती.